दाबून बसवली का, म्हणे!

प्रति,
व्यवस्थापक आणि संपादक मंडळ

विषय : मागच्या अंकातलं मदरबोर्डचं कोष्टक

काल तुमच्या ऑफिसला चौथा फोन केला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

कोष्टकात एएम५, म्हणजे एएमडी प्रोसेसरच्या सॉकेटच्या, बोर्डांसमोर रॅमची जात म्हणून ‘डीडीआर४ / डीडीआर५’ छापलंय. एएम५ हा २०२२ साली आल्यापासून फक्त डीडीआर५ घेतो. रॅम चालवणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळं बोर्डवाल्यानं मनात आणलं तरी डीडीआर४ चालायची नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये दोन्ही जातींचे बोर्ड मिळतात. तिथली ओळ घसरून इकडं आली असणार. चूक होते. पण महिना झाला, दुरुस्ती कुठाय?

राजारामपुरीत माझं दुकान आहे. उद्यमनगरातल्या एका कारखानदारांना डिझाइन काढायच्या चार कॅड कॉम्प्युटरचं कोटेशन दिलं, डीडीआर५ धरून. ते तुमचा अंक घेऊन आले. “छापलंय न्हवं हितं? मग महागाची रॅम कशाला गळ्यात मारताय?” आणि बाहेरून डीडीआर४ च्या आठ स्टिक घेऊन आले, पाकिटं फोडून. पिना दोन्हीला २८८च, पण मधली खाच वेगळ्या जागी. ती शेजारी धरून दाखवली तेव्हा पटलं. पाकिटं फोडलेली, परत कोण घेणार? चार स्टिक मीच ठेवून घेतल्या, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “सर, कंपनीच्या प्रेस नोटमध्ये तसंच होतं.” म्हटलं, प्रेस नोट पाठवा. “ती मिळत नाही सर.” मग कोष्टक कुणी तपासलं? जरा वेळ गाणं ऐकवलं. परत आला आणि विचारतो, “सर, रॅम नीट दाबून बसवली होती का?”

दाबून! अहो, आम्ही कोल्हापूरचे, दाबायला कमी पडत नाही. बोर्डाचे दोन तुकडे करून दाखवतो, पण रॅम बसणार नाही. वर म्हणतो, “वाचक मंडळी सहसा एवढं बारीक बघत नाहीत.” मग मासिक कुणासाठी काढता, रद्दीवाल्यासाठी?

त्याच अंकात एम.२ म्हणजे एनव्हीएमईच, असंही ठोकून दिलंय. एम.२ हा ड्राइव्हचा आणि त्याच्या स्लॉटचा आकार झाला, एनव्हीएमई ही डेटा ने-आण करायची पद्धत. त्यात साटा या जुन्या पद्धतीचे एसएसडीही (साठवणीचे ड्राइव्ह) येतात आणि ते नुसत्या एनव्हीएमईच्या स्लॉटात चालत नाहीत. याचं गिऱ्हाईक अजून यायचंय.

अकरा वर्षं वर्गणी भरतोय. जुने अंक बांधून ठेवलेत, नवीन पोरगं कामाला लागलं की आधी ते वाचायला देत होतो. आता देणार नाही.

पुढच्या अंकात दुरुस्ती हवी, कोष्टकाएवढ्याच आकारात. कोपऱ्यातल्या दोन ओळी चालणार नाहीत. आणि दुरुस्ती छापली तरी उरलेल्या सात अंकांचे पैसे परत पाहिजेत. पंधरा दिवसांत झालं नाही तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतो.

सोबत डीडीआर४ ची एक स्टिक पाठवलीय. एएम५ बोर्डात दाबून बघा. बसली तर फोन करा.

एक वर्गणीदार,
राजारामपुरी, कोल्हापूर