गल्ल्यापाशी थांबलेले कौतुक

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी 22 वर्षे डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवले आणि गेल्या वर्षी वयोमानामुळे ते बंद केले. त्या काळात माझ्या हातून पुन्हा पुन्हा झालेली एक चूक आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे, कारण ती माझ्या एकटीची नाही. शाळेच्या शिक्षकदालनात, दवाखान्यात, कचेरीत ती होते आणि घराघरांत तर रोजच होते. एखाद्याच्या पाठीमागे झालेले त्याचे कौतुक आपल्या कानावर येते आणि ते आपण त्याला सांगत नाही.

आमच्याकडे गल्ल्यावर मी बसत असे आणि आतल्या खोलीत चौघीजणी पोळ्या करीत. मध्ये कापडी पडदा होता. पोळी कोणी केली हे गिऱ्हाइकाला दिसत नसे आणि गिऱ्हाईक कोण हे त्या चौघींना कळत नसे, त्यामुळे बरेवाईट जे काही बोलले जाई ते सगळे माझ्यापाशी येई. पोळ्या वातड झाल्याची तक्रार आली, की मी पडदा सारून लगेच आत सांगत असे. ‘पोळ्या छान होत्या हं’ हे मात्र मी हसून ऐकून घेई, सुटे पैसे परत करी आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. कौतुक त्यांचे होते आणि घेत मी होते, हे कितीतरी वर्षे माझ्या लक्षातच आले नाही.

एके दिवशी नेहमीचे एक वृद्ध गृहस्थ एवढेच सांगण्यासाठी थांबले. त्यांना कवळी नीट बसत नव्हती आणि दोन वर्षे ते पोळी दुधात कुस्करून खात होते. ते म्हणाले, “तुमच्याकडच्या घडीच्या पोळीला असे पदर सुटतात, की मी ती भाजीशी खातो, दूध लागत नाही. ज्या बाई करतात त्यांना माझा नमस्कार सांगा.” त्या पोळ्या आमच्याकडच्या सर्वांत जुन्या मावशी करीत. कणीक तिंबून झाली, की ती ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू देत आणि घडी घालताना तेलाच्या बोटावर चिमूटभर कोरडे पीठ भुरभुरत. तो नमस्कार मी आत नेला नाही. गर्दी होती हे खरे, पण गर्दी ओसरल्यावरही नेला नाही. कारण सांगताना संकोच वाटतो, तरी सांगते. पोळ्यांचे पैसे नगावर ठरलेले होते आणि हे ऐकून मावशी भाव वाढवून मागतील, अशी भीती मला वाटली.

आठ महिन्यांनी सहज बोलता बोलता मी ते त्यांना सांगितले. तोवर ते गृहस्थ मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले होते. मावशींनी लाटणे खाली ठेवले. “काय म्हणाले नक्की?” त्यांनी विचारले. मी सांगितले. “पदर म्हणाले? पदर हाच शब्द?” मी होय म्हटले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “ताई, तेव्हाच सांगितलं असतंत, तर त्यांच्या पोळ्यांना मी तूप लावून दिलं असतं.” भाववाढीचा विषय त्यांनी काढला नाही. पुढच्या महिन्यात भाव मीच वाढवला, पण त्या आठ महिन्यांची भरपाई त्याने झाली नाही.

त्या प्रसंगानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचत गेले. 1970 साली सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असे दाखवले, की दुसऱ्यासाठी आलेली वाईट बातमी सांगायला माणसे कचरतात आणि चांगली बातमी त्यामानाने सहज सांगतात. माझ्या गल्ल्यावर याच्या नेमके उलट घडत होते, म्हणून मी बराच विचार केला. मला असे वाटते, की तक्रार पोहोचवली नाही तर माझे नुकसान होत होते, आणि कौतुक पोहोचवले नाही तर माझे काहीच जात नव्हते. जिथे सांगणारा वरच्या जागेवर आणि ऐकणारा खालच्या जागेवर असतो, तिथे कौतुक वरच मुरते, ते याच हिशेबामुळे.

बरोबरीच्या माणसांत अडचण वेगळी असते. तिथे आपण ‘तिला माहीतच असेल’ किंवा ‘उगीच तोंडपुजेपणा वाटेल’ असे म्हणून गप्प बसतो. एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते, की कौतुक करणाऱ्याला समोरच्याच्या आनंदाचा अंदाज कमी येतो आणि त्याला अवघडल्यासारखे होईल ही भीती वाजवीपेक्षा जास्त वाटते. ते संशोधन तोंडावर केलेल्या कौतुकाबद्दल आहे. दुसऱ्याचे कौतुक नेऊन पोहोचवण्यात तर ही भीती आणखी निराधार आहे, कारण शब्द आपले नसतात.

आणि पाठीमागे झालेल्या कौतुकाचे मोल तोंडावरच्या कौतुकाहून अधिक असते, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘प्रत्यक्षे गुरवः स्तुत्याः परोक्षे मित्रबान्धवाः’, म्हणजे गुरूंची स्तुती तोंडावर करावी आणि मित्र-आप्तांची पाठीमागे, असे सुभाषितच आहे. तोंडावर कोणी वाखाणले, की आपल्या मनात लगेच येते, याला काही हवे असेल, किंवा हा मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आहे. शिवाय ‘छे हो, कसचं काय’ म्हणून ते झटकून टाकण्याची रीत पाळावी लागते. जे आपल्या गैरहजेरीत बोलले गेले त्यात बोलणाऱ्याचा स्वार्थ दिसत नाही, आणि तो समोर नसल्यामुळे नम्रतेचा तो उपचारही करावा लागत नाही. कौतुक आपल्या मनाशी स्वस्थपणे ठेवता येते. त्यात सांगणाऱ्याचाही एक मूक दुजोरा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवून पोहोचवण्याजोगी आहे, असे निदान त्याला तरी वाटलेले असते.

त्याच सुभाषितात पुढे नोकरचाकरांचे कौतुक काम संपल्यावर करावे, ‘कर्मान्ते दासभृत्याश्च’, असा सल्ला आहे. तो मला मुळीच पटत नाही. सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळासह जे ऐकवले जाते त्यातले निम्मे तरी सहकारी आणि साहेब एकमेकांत वर्षानुवर्षे बोलत आलेले असतात. ते त्या माणसाला दहाव्या वर्षी कळले असते, तर पुढची वीस वर्षे त्याची वेगळी गेली असती.

निरोप नेण्यातही चुका होतात, त्या मी केल्या आहेत म्हणून सांगते. ‘लोकांना आवडतात हो पोळ्या’ असे मोघम सांगून काहीच पोहोचत नाही. कोण म्हणाले, कशाबद्दल म्हणाले आणि कोणत्या शब्दांत म्हणाले, हे जसेच्या तसे सांगावे लागते, आणि त्यात पदरचे घालायचे नसते. एकदा मी एकीला ‘तुझ्या पोळ्या तिच्यापेक्षा मऊ असतात म्हणाले’ असे सांगितले आणि त्या दोघी पंधरा दिवस एका शेगडीपाशी उभ्या राहिल्या नाहीत. तुलना तिथेच गाळायला हवी होती. कौतुकाचा सौदाही करू नये. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ट्रेड-लास्ट’ नावाचा प्रकार रूढ होता. ‘तुझ्याबद्दल मी काही चांगले ऐकले आहे, पण आधी माझ्याबद्दल ऐकलेले तू सांग’ अशी त्यात देवघेव असे. अशी अट घातली, की ऐकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या कौतुकावरून उडून परतफेडीला काय द्यावे याकडे जाते. त्यातला आनंदच कमी होतो.

सांगणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही असे मात्र नाही. जॉन स्कोवरॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले, की आपण दुसऱ्याचे जे गुण किंवा दोष सांगतो, तेच ऐकणारा नकळत आपल्यालाही चिकटवतो. चहाडखोर माणसाबद्दल आपले मत का बिघडते, ते यावरून कळते.

मावशी आता मुलीकडे बदलापूरला असतात. गेल्या महिन्यात भाजीबाजारात आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंनी मला थांबवून सांगितले, की त्यांचा मुलगा परगावी नोकरीला लागला असून ‘पडद्यामागच्या आजींच्या पोळीसारखी पोळी इथे मिळत नाही’ असे फोनवर म्हणतो. मी पिशव्या घेऊन घरी आले आणि भाजी निवडण्याआधी मावशींना फोन लावला. त्यांनी तेवढे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले, मग मुलीला हाक मारून तिसऱ्यांदा तिलाही ऐकवायला लावले.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली