जुन्या पिकअपच्या स्टेअरिंग-सस्पेन्शनच्या कामाबाबत तक्रार

दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा व्यवस्थापक,
प्रादेशिक कार्यालय

विषय: धुळे येथील आपल्या अधिकृत वर्कशॉपने २३ जून २०२५ रोजी केलेले पुढच्या सस्पेन्शनचे काम आणि त्यावर आपण पाठवलेले उत्तर.

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या कार्यालयाने दोन ओळींत उत्तर दिले. गाडी २०११ ची आहे, रस्ते खराब आहेत, माल जास्त भरला जातो, म्हणून पार्ट लवकर झिजले. गाडी न पाहताच हे लिहिले आहे. वर्कशॉपमधून कोणी आले नाही, फोटोही मागितले नाहीत. म्हणून पुन्हा सविस्तर लिहीत आहे.

गाडी जुनी आहे, म्हणूनच तर ती तुमच्याकडे आणली. स्टेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला होता, खड्ड्यात पुढून खडखड यायची, ब्रेक मारला की गाडी डाव्या अंगाला ओढायची. वर्कशॉपने तपासून दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे), खालचे बॉल जॉइंट, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, पुढचे दोन्ही शॉकअप आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश बदलायला सांगितले. मी सगळ्याला हो म्हटले. मजुरीसह बिल २३,४०० रुपये झाले, ते जागेवर भरले. मागच्या पाट्यांचे काम चांगले झाले आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार पुढच्या बाजूची आहे.

ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा तीच खडखड सुरू झाली. आमच्या अमळनेरच्या मिस्तरींनी चाक उचलून वर-खाली हलवून पाहिले, बॉल जॉइंट घट्ट होते. मग आर्मला टॉमी (लोखंडी दांडा) लावली, तर बुश जागेवर डुलत होता. बोल्ट काढल्यावर दिसले की रबर आतल्या लोखंडी नळीपासून गोल फाटून सुटले आहे. मिस्तरी म्हणाले, “भाऊ, बुश नवाच शे, पन फिट करनारनी वाट लाई दिनी.”

याचे कारण तुमच्या इंजिनिअरला मी सांगावे असे नाही, पण उत्तर लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसावे. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. ते नळीवर फिरत नाही, आर्म वर-खाली होईल तसा पीळ खाते. म्हणून बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आर्मवर आल्यावर. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आवळला, तर चाक लोंबकळते ती स्थितीच बुशची मूळ स्थिती होऊन बसते. खाली उतरवली की उभ्या गाडीतही रबर पिळलेले, आणि खड्ड्यात गेली की आणखी पिळते. महिना-दोन महिन्यांत ते फाटणारच. तुमच्या वर्कशॉपला ग्राहकांसाठी काचेची खोली आहे, तिथे बसून मी काम पाहत होतो. गाडी खाली आल्यानंतर त्या बोल्टांना कोणी पाना लावला नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात रबर कडक होते हे मान्य. पण हे बुश बसले पावसाळ्याच्या तोंडावर आणि फाटले पावसाळ्यातच. आणि ओव्हरलोडबद्दल म्हणाल, तर मी गिलकी, भेंडी, हिरवी मिरची सुरतला नेतो. प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती जपून ठेवलेली आहे. त्या आरसी बुकातल्या वजनाशी ताडून पाहा आणि मग बोला.

आता खरी गंभीर गोष्ट. उजव्या टायरॉड एंडच्या नटाला स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालतात ती पिन, नव्हती. तिच्या जागी बांधकामावर सळ्या बांधतात ती तार दोन वेढे देऊन पिळलेली होती. त्या नटाला खाचा असतात त्या याच पिनेसाठी. नट आवळून खाच भोकासमोर आली नाही तर किंचित पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही, आणि पिन दर वेळी नवी घालायची. दोन-चार रुपयांची वस्तू! नट सुटून टायरॉड निघाला, तर ते चाक स्टेअरिंगचे ऐकत नाही. या तारेवर मी मालाने भरलेली गाडी घेऊन कोंडाईबारीचा घाट उतरलो आहे, तोही भर पावसात, रात्री, मागे-पुढे ट्रेलर असताना. हा पार्टही रस्त्यामुळे झिजला का?

तारेचे फोटो आणि जागेवरच काढलेला व्हिडिओ सोबत आहे. तारही ठेवली आहे, पण ती पोस्टाने पाठवणार नाही. हवी तर इथे येऊन पाहा.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याचे काम, केलेच नाही. टायरॉड एंड बदलल्यावर ते करावेच लागते, पण तुमच्या सुपरवायझरने “आटे मोजून बसवलेत, गरज नाही” असे सांगितले. जॉबकार्डावरचा तो रकाना कोरा आहे. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले गेले, हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवत. जुने पार्ट परत मागितले होते, तेही दिले नाहीत.

माझी मागणी अशी: लोअर आर्मचे बुश नवे घालून, गाडी जमिनीवर ठेवून बोल्ट आवळावेत, सर्व नटांना नव्या पिना घालाव्यात, अलाइनमेंट करून त्याचे रीडिंग लेखी द्यावे. हे सगळे विनाशुल्क आणि माझ्यासमोर. दोन्ही टायरची भरपाई द्यावी. आणि ती तार कोणी घातली, काम तपासून सही कोणी केली, हे लेखी कळवावे. हे शेवटचे मी सोडणार नाही, कारण त्याच लिफ्टवर रोज दुसऱ्यांच्या गाड्या चढतात.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मला तुमच्या कार्यालयाच्या शहरात यावे लागत नाही. गाडी धंद्याची असल्याने मी ग्राहक नाही, असा मुद्दा तुमच्या माणसाने फोनवर काढला होता. गाडी एकच आहे, मीच चालवतो, त्यावरच घर चालते. स्वतःच्या उपजीविकेसाठीचा असा वापर कायदा व्यापारी हेतू मानत नाही.

गाडी सध्या घरासमोर उभी आहे, माल भाड्याच्या गाडीने जातो. तपासायला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. शक्यतो मंगळवार टाळा, त्या दिवशी मंगळग्रह मंदिरामुळे अमळनेरात गर्दी असते.

कळावे,
आपला ग्राहक,
(सही)
ता. अमळनेर, जि. जळगाव

सोबत: बिल व जॉबकार्डाची प्रत, वजनकाट्याच्या पावत्या, फाटलेला बुश, तार व टायरचे फोटो, व्हिडिओचा पेनड्राइव्ह.