तांगा, पोदेर आणि सातवीतली परीक्षक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली माझी एक ऐतिहासिक कादंबरी आली. (नाव मुद्दामच देत नाही, पत्राची जाहिरात व्हायला नको.) आपल्या रविवारच्या पुरवणीत तिच्यावर तीन परीक्षणे छापून आली. लेखकाने परीक्षणाला उत्तर देऊ नये असा संकेत आहे आणि तो बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो. पण मी उत्तर द्यायला बसलेले नाही, आभार मानायला बसले आहे. त्यालाही सात महिने लागले, कारण त्यातले पहिले दोन मी रुसले होते.

पहिले परीक्षण गोड होते. अर्ध्या भागात कथानक, मग 'संस्कारक्षम', 'ओघवती भाषा', शेवटी 'प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावे असे पुस्तक'. आईला वाचून दाखवले, कात्रण फाईलला लावले. शेजारी दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठ चुकून छापले गेले असते तरी त्यातला एक शब्द बदलावा लागला नसता.

दुसरे परीक्षण बालपानाच्या तळाशी होते. चौदा ओळी, लिहिणारी इयत्ता सातवीतली. माझी गोष्ट १९५५ सालची, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, गोवामुक्तीसाठी झालेल्या पत्रादेवीच्या सत्याग्रहाआधीच्या दोन महिन्यांची. भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली, कॅसलरॉककडून येणारी रेल्वे बंद पडलेली, बाजारात हॉलंडहून बोटीने आलेले बटाटे. नायक अकरा वर्षांचा. पहिल्याच प्रकरणात पोदेर (पाववाला) काठी खुळखुळवत दारात येतो, मुलगा त्याच्याकडून उंडे (गोल पाव) घेतो आणि त्याच्या हातावर एक एस्कुदो ठेवतो.

मुलीने लिहिले होते की तिच्या पणजोबांच्या पेटीत जुनी नाणी आहेत. एस्कुदोवर १९५८ साल आहे. मग १९५५ सालच्या मुलाकडे ते कुठून आले? पेटीत दुसरेही एक नाणे आहे, त्यावर 'तांगा' लिहिले आहे आणि साल १९५२. तो तांगा द्यायला हवा होता, असे तिचे म्हणणे. पुढच्या ओळीत, गोष्टीतल्या आजीबद्दल, 'आजी खूप बोलते', आणि त्यापुढे, 'पण शेवटी मला रडू आले.'

मी घाईघाईने पुस्तके उघडली. पोर बरोबर होती. आपल्याकडे आधी रुपिया चालायचा, एका रुपियाचे सोळा तांगे (घोड्याचा टांगा वेगळा). एस्कुदो मागाहून आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया या हिशेबाने. माझी आई १९६० साली लग्न होऊन फोंड्याला आली. संसाराचा पहिला हिशेब तिने एस्कुदोत केला, त्यामुळे तिच्या तोंडी कायम तोच. तिच्या तोंडून माझ्या कानात, आणि तिथून थेट छापखान्यात.

लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीसाठी चालवलेल्या गुप्त रेडिओ केंद्राची तारीख मी तीनतीनदा तपासली होती. केंद्र सुरू झाले नोव्हेंबर १९५५ मध्ये, आणि माझी गोष्ट १५ ऑगस्टला संपते. म्हणून रेडिओभोवती कान लावून बसलेल्या माणसांचे एक सुंदर पान मी स्वतःच्या हाताने काढून टाकले. काय अभिमान वाटला होता तेव्हा! तारखा, सत्याग्रह, गोळीबार म्हणजे इतिहास. पोराच्या चड्डीच्या खिशातले नाणे म्हणजे काय, ते कुणाला कळणार आहे? कळले. नाणे हातात घेऊन बघणारीलाच कळले.

तिसरे परीक्षण एका प्राध्यापकांचे. त्यानेच मी रुसले. त्यांनी कादंबरीचे कौतुक केले, आणि मग एकच परिच्छेद असा लिहिला की मी पुरवणी घडी करून पलंगाखाली ढकलली. या कादंबरीत नाव असलेले ख्रिस्ती पात्र एकच आहे, आणि ते पाखल्यांचा (पोर्तुगीजांचा) खबऱ्या आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

मी मनातल्या मनात भांडले. खबरे काय नव्हते? होते, सगळ्या धर्मांत होते. पण मग माझ्या पुस्तकात एकाच धर्मातले का? १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा ख्रिस्तीच, ते पुढे पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात कैदेत पडले. १९४६ साली डॉ. लोहिया गोव्यात आले ते असोळण्याला ज्युलियांव मिनेझिश यांच्या घरी. हे मला माहीत होते; शाळेत अठ्ठावीस वर्षे शिकवलेले आहे. आणि जिच्या रेडिओची तारीख मी तीनतीनदा तपासली ती लिबिया लोबो कोण होती? तारीख तेवढी बघितली, बाई बघितलीच नाही.

मोठ्यांच्या कादंबरीत हे एक वेळ खपते. मोठा वाचक आणखी चार पुस्तके वाचतो, लेखकावर चिडतो, सोडून देतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हे पुस्तक म्हणजेच १९५५ साल. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या ख्रिस्ती मित्राकडे तो कसे बघेल, याचा विचार मी लिहिताना केला नव्हता.

या जूनमध्ये दुसरी आवृत्ती निघाली. एखादा फादर किंवा डॉक्टर उपरा आणून बसवायचा मोह झाला होता, पण तसे ठिगळ मुलांना लगेच दिसते. मग लक्षात आले की ख्रिस्ती माणूस पहिल्या पानापासून पुस्तकात आहेच. पोदेर! दारात येतो, पैसे घेतो, जातो. मी त्याला नावसुद्धा दिले नव्हते. आता त्याला नाव आहे, घर आहे, बायकोशी भांडण आहे, आणि नायकाचा निरोप त्याच्या टोपलीत उंड्यांखालून जातो. त्यासाठी चार प्रकरणे पुन्हा लिहावी लागली. मुलगा आता तांगा देतो. आजीची दोन पाने कापली. (तिसरे कापवले नाही. ती माझी आजी आहे.)

चुका काढणाऱ्या या दोन्ही परीक्षकांची नावे पुस्तकाच्या सुरुवातीला आभारात छापली आहेत. मुलीच्या आईवडिलांना आधी विचारले होते.

आता एक विनंती. बालपानावरची ती चौदा ओळींची जागा गेले दोन महिने दिसत नाही, तिथे शब्दकोडे येते. शब्दकोडे मीही सोडवते, पण ते पान दोन वरही मावेल. गोव्यात मराठीत मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या आधीच बोटांवर मोजण्याइतक्या. मोठे त्यांच्यावर लिहितात तेव्हा बहुधा लेखकाच्या वयाकडे आणि तळमळीकडे बघून लिहितात. मुलांना माझ्या तळमळीशी काही देणेघेणे नाही. त्यांचे लिहिलेले शुद्धलेखनापलीकडे न सुधारता छापा, 'आजी खूप बोलते' यासकट.

कळावे,

आपली,

एक निवृत्त शिक्षिका, बांदोडा, फोंडा

ता. क. – नवी आवृत्ती त्या मुलीला पाठवली होती. तिचे पत्र आले आहे. तांगा दिला ते बरे केले, पण एका तांग्याला उंडे किती यायचे ते पुस्तकात नाही, असे तिने विचारले आहे. पेडणे, बार्देशकडच्या ज्या वाचकांनी त्या काळी पोदेराला पैसे मोजले असतील, त्यांनी कृपया याच सदरात कळवावे.