बाइकवरून खाली उतर

सांगली,
रविवार, रात्री अकरा

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "डॉक्टरांनी छोटूच्या कागदावर जीडीडी लिहिलंय, आणि ही तेव्हापासून नुसती मोबाइलवर वाचत बसलीय." त्यानंतर लगेच तू क्रिकेटवर आलास आणि मीही तुझ्यामागून आलो. फोनवर आपल्या दोघांना हे जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. पत्र मोठं होईल. वाचून झालं की वहिनींच्या हातात दे.

आधी त्या तीन अक्षरांचं. ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले म्हणजे पाच वर्षांच्या आतलं मूल बसणं-चालणं, बोलणं, समजणं, लोकांत मिसळणं यांतल्या निदान दोन गोष्टींत वयाच्या मानानं बरंच मागे आहे. आज मूल कुठे आहे तेवढं त्यातून कळतं. का मागे आहे आणि पुढे कुठवर जाईल, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे वहिनी मोबाइलवर जे वाचतायत त्यातलं निम्मं दुसऱ्याच मुलांचं आहे असं समज. कारण शोधायला डॉक्टर थायरॉइड, कान, डोळे, कदाचित जनुकांची तपासणी सांगतील. आणि छोटू बोलत नाही म्हटल्यावर स्पीच थेरपी सुरू करण्याआधी कानांची बेरा टेस्ट होणारच.

या बेराचं ऐक. डोक्याला वायरी चिकटवून कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते मशीनवर बघतात. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. तुमची वेळ दुपारची असेल, तर छोटूला आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि काहीही करून गाडीत डुलकी लागू देऊ नका. वाटेत पाच मिनिटं जरी झोपला तरी तिथं पोचल्यावर टक्क डोळे उघडून बसेल आणि पुढची तारीख घेऊन घरी यावं लागेल. केसांना तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. त्याची रोजची चादर सोबत न्या.

हे आम्हाला सांगितलं ते आमच्या लेकीच्या, चिऊच्या थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी. त्यांचा मुलगा आमच्या चिऊपेक्षा चार वर्षांनी मोठा. डॉक्टर चांगलेच होते, पण बाहेर रांग लागलेली, त्यांना चादर आणि तेल सांगायला वेळ कुठला? त्या बाकावर आया बसतात. कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या हातात फायलीची पिशवी. आत मुलांची ओटी (म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी) किंवा स्पीच चालू असतं आणि बाहेर यांचं. कुठल्या शाळेत मावशी मुलाला बाथरूमला नेतात, कुठल्या सोनाराकडे जाड चमचा वाकवून मिळतो (हो, सोनाराकडे! स्वतःच्या हातानं जेवायला वाकवलेला चमचा लागतो, आणि दुकानातला महाग पडतो), सासूबाईंना काय सांगायचं, सगळं.

आणि आम्ही बाप? आम्ही गेटबाहेर. बाइक स्टँडवर, आपण तिच्यावर आडवे बसलेले, अंगठा मोबाइलवर. एकमेकांना ओळखायचो ते गाडीच्या नंबरावरून. बायको बाहेर आली की "काय म्हणाले?" विचारायचं आणि किक मारायची. घरी जाईपर्यंत ती चार वाक्यांत सांगेल तेवढंच आपल्याला माहीत. मला या पत्रात खरं म्हणजे एवढंच सांगायचंय, की वहिनींना एकट्यांना आत पाठवू नकोस. नाशिकमध्ये पालकांचा गट असेलच. नसला तर तुमच्या थेरपीवाल्या बाईंना विचार, आणखी कोणकोण येतं म्हणून. पण जाशील तो तू स्वतः.

आमचा बापांचा गट चहाच्या टपरीवर जमला, आणि सुरुवात झाली ती पैशावरून. भावनांवरून पुरुष बोलायला लागले असते तर अजून बाइकवरच असतो. एकानं विचारलं, "तुम्ही ८०डीडी लावता का?" कुणालाच माहीत नव्हतं. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलासाठी पालकाला ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. नव्या पद्धतीत ती नाही, तेव्हा ऑफिसात फॉर्म भरण्याआधी हिशोब करून बघ. त्यानंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, कसं काढायचं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये प्रमाणपत्रासाठी तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड कुठल्या वारी बसतो, किती वाजता नंबर लावायचा, असं करत करत एक दिवस एका दांडग्या ट्रान्सपोर्टवाल्यानं विचारलं, "तुमची बायको रात्री झोपते का ओ?" तिथून पुढे आमची खरी ओळख झाली.

सिव्हिलवरून आठवलं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून एक विभाग असतो, लहान मुलांसाठीचं लवकर उपचारांचं केंद्र. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तिथं तपासणी आणि थेरपी फुकट होते. सरकारी म्हणून नाक मुरडू नकोस, एकदा जाऊन बघ. खाजगीत एका सेशनला किती मोजावे लागतात ते तुला कळलंच असेल, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. निरामय विमा मात्र आत्ताच शोधत बसू नकोस. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या त्या योजनेत एक लाखापर्यंतचं कवच आहे, थेरपीचे पैसेही त्यात बसतात, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. छोटूचं पुढे नक्की काय ठरतं ते बघू. काहीच न ठरता तो बाकीच्या मुलांना गाठेल, असंही होतं. गटात अशी दोन पोरं आहेत.

तुझ्या मनात येईल, लोकांचं दुःख ऐकायला कशाला जायचं, आपलं काय कमी आहे? तर ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं सांगतो. तेव्हा तू पुण्यातून सारखा फोन करत होतास आणि मी "आम्ही बरे आहोत" म्हणून ठेवून देत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आमच्या खणभागात बोटीनं माणसं काढत होते. आम्हाला शाळेतल्या छावणीत नेलं. एका हॉलमध्ये शंभरेक माणसं, भोंग्यावर सूचना, आणि चिऊ कान दाबून किंचाळतेय. लोक बिचारे बिस्किटं देत होते, कुणी दृष्ट काढायला मीठ मागत होतं. त्यात तिच्या फिटच्या औषधाची बाटली संपत आलेली, आणि ते चुकवून चालत नाही. बायकोनं बाकावरच्या त्या बाईंना फोन लावला. त्या विश्रामबागेत, तिकडं पाणी नव्हतं. तासाभरात तो ट्रान्सपोर्टवाला गुडघाभर पाण्यातून हॉलच्या दारात हजर. आम्ही पाणी उतरेपर्यंत त्या बाईंच्या घरी राहिलो. चिऊ किंचाळली तर त्या घरात कुणी मान वळवूनसुद्धा बघत नव्हतं. औषध मिरजेतून आणलं, कुणी आणलं ते मला आजही माहीत नाही. दिग्या, माझा सख्खा चुलतभाऊ तिथून दोन चौकांवर राहतो. त्यानंही बोलावलं असतं, पण रात्री तीन वाजता ती उठून भिंतीवर डोकं आपटायला लागली असती तर त्याच्या घरात मी काय केलं असतं?

आता दुसरी बाजू. गट म्हणजे देवमाणसं नव्हेत. "आमचा आता वाक्य बोलतो" असं कुणी सांगितलं की बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी होतात, माझंही होतं. दोन आयांचं वर्षभर बोलणं नव्हतं, कारण काय तर स्नेहसंमेलनातलं नाचातलं स्थान. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय येतं! कुणी ऑक्सिजनच्या पेटीत मूल बसवायला सांगतो, कुणी स्टेम सेलचं पॅकेज घेऊन येतो, वर "तीन पेशंट जमवा, तुम्हाला सवलत." आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय, की रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल उपचार म्हणून विकायचे नाहीत. तरी एका जोडप्यानं त्यापायी जमीन विकली. त्यांना कुणी वेड्यात काढलं नाही. पण तेव्हापासून आमचा नियम आहे, औषधाचं काही आलं की आधी टपरीवर चर्चा, मग पैसे.

तुझ्या आईंचं म्हणणं तुझ्या लक्षात आलं असेलच. "याचा बापही उशिराच बोलला" हे आमच्याकडेही झालं. वाद घालू नकोस. आमच्या गटात एक आजोबा आहेत, रिटायर्ड हेडमास्तर, नातवाला घेऊन येतात. माझ्या आईला मी हजार वेळा सांगून जे पटलं नाही ते त्यांनी आमराईत एका फेरीत पटवलं. तुझ्या आईंना पटल्यावर वहिनींच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल. शेजारपाजारचं मग बघता येतं.

आणि तुम्ही दोघं कधी बाहेर जाणार? आम्ही गटात पोरं आलटून पालटून सांभाळतो. महिन्यातली एक संध्याकाळ चिऊ त्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे असते, त्यांचा लेक एक संध्याकाळ आमच्याकडे. त्याला काय चालतं, काय चालत नाही, हे फ्रिजवर लावलेल्या कागदावर आहे: मिक्सर लावू नये, पिवळा भात देऊ नये, लिफ्टमध्ये तीन वेळा खालीवर नेल्यास खूश. पहिल्यांदा चिऊला सोडून आम्ही मेव्हण्याच्या रिसेप्शनला गेलो तेव्हा ही जेवणाच्या रांगेत उभी राहून रडली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, दोन्ही हात मोकळे आहेत."

अठरा वर्षांनंतरचं आत्ता काढत नाही. त्या वयानंतर आईबापांना कायदेशीर पालकत्व वेगळं मागावं लागतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात ती सोय आहे. छोटू दोन वर्षांचा आहे, तुला अवकाश आहे.

बेराची तारीख मिळाली की कळव. निघताना मला व्हिडिओ कॉल लाव, मी चिऊला समोर बसवतो. ती छोटूला रस्ताभर झोपू देणार नाही, हे माझ्याकडे लागलं. शनिवारी भडंगाचा डबा पाठवतोय, त्यात लसूण जास्त आहे, वहिनींना चालतो ना?

तुझा,
पप्या

ता.क. चिऊनं हे पत्र बघून विचारलं कुणाला. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "दिग्या ताता, ये." ये मग.