सड्यावरच्या घरातून

मार्गताम्हाने, ता. चिपळूण
१४ एप्रिल २०२५

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "मी पण येऊ काय रे गावाला? कामं मिळतात का?" मी तोंड उघडेपर्यंत रेंज गेली. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या या कातळाच्या पठारावर, रेंज अशीच. मागच्या आंब्याला टेकून उभं राहिलं तर कुठे दोन काड्या दिसतात. आणि तसंही हे फोनवर सांगण्यातलं नाही. फोनवर तू नुसतं "हो, हो" करतोस आणि शेवटी आधीच ठरवलेलं असतं तेच करतोस. आज आंबेडकर जयंती, गडी मिरवणुकीला चिपळुणात गेलेत, काम बंद आहे. पडवीत बसून लिहितोय. पडवी म्हणजे अजून नुसतं जोतं, वर ताडपत्री.

कामं मिळतात, सुन्या. पैसे मिळतात का ते वेगळं, त्यावर येतोच.

चिपळूणच्या पुराचं तुला ठाऊक आहे, पण वडिलांचं, आण्णांचं, मी तुला कधी नीट सांगितलं नाही. चिपळुणातल्या शिवणकामाच्या दुकानाच्या भिंतीवर त्यांनी २००५ च्या पाण्याची खूण शिंप्याच्या खडूनं करून ठेवली होती. दर पावसाळ्यात ती पुन्हा गिरवायचे. २१ जुलै २०२१ च्या रात्री पाणी चढायला लागलं तसं त्यांनी दोन्ही मशिनी आणि गिऱ्हाइकांचं कापड खुणेच्या दोन फूट वर, माळ्यावर चढवलं आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन बसले. २२ ला वाशिष्ठी नदी माळ्यावरून गेली. रस्ते बंद, मी पोचलो तिसऱ्या दिवशी. बघतो तर आण्णा गुडघाभर चिखलात उभे, आणि लोकांचे ब्लाऊजपीस, पँटपीस एकेक करून बादलीत खळबळतायत. मी म्हटलं, "टाका ते." तर म्हणाले, "लोकांचं कापड आहे, माझं असतं तर टाकलं असतं." मशिनींकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रात्री एवढंच बोलले, आता खाली नाही राहायचं.

आजोबांची चार गुंठे जागा इथे सड्यावर पडून होती. काजू, करवंदं आणि खाली सलग जांभा. कागदपत्रं आणि पैसे जमवण्यात दोन वर्षं गेली. त्या काळात आण्णा आत्याकडे राहिले. माझ्या साईटवर पगार तीन-तीन महिने लटकायला लागले, तेव्हा २०२३ च्या दिवाळीत मी नोकरी सोडली. पीएफ, हिच्या पाटल्या आणि पतपेढीचं कर्ज, या तिघांवर घर उभं आहे. पाटल्यांचा विषय अजून घरात निघत नाही, आणि न निघण्यातच सगळं येतं.

अकरा वर्षं टॉवरवर सुपरवायझर होतो, तेव्हा वाटायचं आपल्याला बांधकाम येतं. इथे आल्यावर कळलं, मला नकाशा वाचता येतो. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, वाचता येत नव्हता. खाणीत ताजा कापलेला चिरा ओलसर, मऊ असतो. वारा लागला की तो कडक होत जातो. म्हणून आलेली गाडी लगेच भिंतीत लावायची नाही, वाळू द्यायची. प्रत्येक चिऱ्यावर थापीची मूठ मारून बघायची. खणखण वाजला तर कोपऱ्याला, बद्द वाजला तर आतल्या भिंतीला, आणि पांढऱ्या मातीचे डोळे असले तर सरळ बाजूला. हे मला शिकवलं ते मिस्त्रीनं, शिव्यांसकट.

पण घराला वळण लावलं ते आण्णांनी. रस्त्याकडची लांब भिंत, २४ फूट. तिसरा थर संध्याकाळी पुरा झाला. आण्णा लांब काजूखाली जाऊन उभे राहिले, चष्मा काढला (लांबचं बघताना ते काढतातच), मान तिरकी केली आणि म्हणाले, "टीप खाली गेलेय." टीप म्हणजे त्यांच्या शिवणीची ओळ; इथे चिऱ्यांची. मिस्त्री हसला. मीही मनातून हसलोच. दोरी ताठ होती, चिरे दोरीला लागून होते. तरी पाण्याची नळी आणून दोन्ही कोपऱ्यांना धरली. पाऊण इंचाचा उतार! सकाळी लेव्हल घेताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता, त्यामुळे कोपऱ्याचा चिराच खाली बसला, आणि दोरी त्याच्यावर बांधलेली. दोरी बिचारी काय करणार. वीस चिरे काढले, माल खरवडला, पुन्हा बसवले. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता दुसऱ्याच्या कामावर तोच नळी दोनदा झटकतो आणि आण्णांच्या आवाजात म्हणतो, "टीप बघा, टीप."

स्लॅब फक्त मागच्या दोन खोल्यांना घातला, फेब्रुवारी २०२४ मध्ये. आदल्या ऑक्टोबरात बहादूरशेख नाक्यावर हायवेचा अर्धवट पूल कोसळला होता, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं. नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला आणि पाईपवाला पोरगा सढळ हातानं पाणी सोडायला लागला. माल पातळ झाला की घमेली भराभर रिकामी होतात, सगळ्यांना बरं वाटतं, स्लॅबला तेवढं वाटत नाही. मी जाऊन पाईप हातात घेतला तो सिमेंटच्या ४२ गोण्या संपेपर्यंत सोडला नाही. एका गोणीला दीड फर्मा (मापाची पेटी) वाळू, तीन फर्मे खडी, आणि पाणी माझ्या हातानं. गड्यांनी माझं नाव 'पाणीवाला' ठेवलं. रात्री कोंबडी-वडे झाल्यावर तेच गडी म्हणाले, शेठ, असं काम आम्ही आमच्या घरालाच करू.

मग पाणी मारणं. फेब्रुवारीपासूनच सड्यावरच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. इथे पावसाळ्यात धबाबा कोसळतं आणि शिमग्यानंतर हंडे घेऊन फिरा. स्लॅबवर सिमेंटचे वीतभर बांध घातले, भाताच्या खाचरासारखे, आणि त्यात पाणी कोंडलं. आण्णा पहाटे शिडीनं वर जायचे आणि कुठलं खाचर सुकलं ते खाली ओरडून सांगायचे. ही टँकरचं पाणी बादल्यांनी चढवायची. मी सेंटरिंगवाल्याला वीस दिवस फळ्या खोलू दिल्या नाहीत. त्यानं जादा भाडं लावलं, ते मुकाट दिलं.

आता कामाचं. तुला वाटत असेल मी व्हिजिटिंग कार्ड छापली, ऑफिसं हिंडलो. हिंडलो ना, चार महिने. सगळे चहा पाजतात. पहिलं काम आलं ते त्या वीस चिऱ्यांच्या भिंतीमुळे. पैसे संपले म्हणून बाहेरून गिलावा केला नव्हता, फक्त चिऱ्यांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, भरल्या होत्या. गणपतीला एक चाकरमानी मोटरसायकलवरून जाताना थांबला, प्यायला पाणी मागितलं आणि तांब्या हातात घेऊन भिंतीकडेच बघत राहिला. "हे कुणी केलं?" गौरी विसर्जनाच्या आत त्याच्या घराचं काम ठरलं. मुंबईत गिलाव्याखाली काय आहे ते कुणी विचारत नाही, इथे उघडी भिंत लोक वाचतात.

तेव्हा इथलं कॅलेंडर असं समज. कामं ठरतात गणपतीत आणि शिमग्याला, मुंबईकर गावात असतात तेव्हा. बांधणं दसऱ्यापासून मे अखेरपर्यंत. मिरग लागायच्या आत छप्पर झालं नाही तर माणूस तुझं नाव वाडीभर करतो. आणि शिमग्याला पालखी निघाली की आठ-दहा दिवस एकही गडी येत नाही. चिडून उपयोग नाही, मी पण नाचवतो. गवंड्याला हजार, बिगाऱ्याला सहाशे-साडेसहाशे रोज आहे, आणि दोघंही मिळणं मुश्कील. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला ९० दिवसांचा दाखला लागतो, तो माझ्याकडे नऊ दिवस काम केलेलेही मागतात. मी देत नाही, म्हणून आणखी दोन गेले.

पहिल्याच कामात मी ४५ हजारांना बुडालो, ते ऐक. त्या चाकरमान्याची जागा रस्त्यापासून खाली, पाखाडीनं, म्हणजे बांधलेल्या पायवाटेनं, ६८ पायऱ्या. मी जागा बघितली, मापं घेतली, चौरस फुटाचा दर दिला, हात मिळवला. गाडी चिरे टाकणार रस्त्यावर, हे डोक्यात आलंच नाही. तीसेक किलोचा एकेक चिरा, अकराशे चिरे, डोक्यावरून खाली. वाळू, सिमेंट, सळई वेगळीच. गड्यांनी डोकेवाहतुकीचे पैसे मागितले आणि ते बरोबरच होते. मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, "तुम्ही जागा बघूनच दर दिलात ना?" तोही बरोबर. आता मी जागेवर गेलो की आधी टेप काढत नाही, पायऱ्या मोजतो.

त्यानंतर चार कामं झाली. एक गोठा, एक कुंपणाचा गडगा, दोन घरांची कौलं उतरवून पत्रा. सरकारी योजनेतलं एक घरकुलही बघून आलो. तेव्हा १ लाख २० हजारांत, हप्त्याहप्त्यानं, टप्प्याटप्प्याचा फोटो चढला की पैसे. म्हातारी एकटी. नियमाप्रमाणे २५ चौरस मीटर पुरे, पण तिला देवघर वेगळं हवं. नाही म्हणता येईना आणि हो म्हणणं परवडेना. अजून तिकडे गेलो नाही. रस्त्यात दिसली की मी वाट बदलतो, खरं सांगतो.

सरकारी कामाच्या नादाला लगेच लागू नकोस. मी एका मोठ्या कंत्राटदाराकडून पेटीवर, म्हणजे पोटकंत्राटानं, एक पाखाडी घेतली. काम डिसेंबरात संपलं, मोजमापं पुस्तकात चढली आणि बिल अजून 'वर' आहे. फेब्रुवारीत राज्यभरातल्या कंत्राटदारांनीच थकलेल्या बिलांसाठी काम बंद केलं होतं, मग मी तर पेटीवाला. मी त्याला फोन करतो, तो साहेबाला करतो, साहेब म्हणतो निधी नाही. माझ्या गड्यांना निधी ही भानगड कळत नाही, त्यांना शनिवार कळतो. दोन शनिवार मी हिच्या भिशीतून काढले.

या सगळ्यात आमचं घर मागे राहिलं. माजघराला फरशी नाही, मोरीला दार नाही, पडदा आहे. परवा ही म्हणाली, "आपण पण एखादा काँट्रॅक्टर बघूया का, बरा असला तर?" आण्णा खो खो हसले, पूर आल्यापासून पहिल्यांदा एवढे. त्यांनी नवी मशीन घेतली आहे, हप्त्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी बसतात. वाडीतल्या बायका ब्लाऊज आणून देतात आणि जाताना भिंतीला हात लावून जातात.

तू विचारलंस म्हणून सांगतो: गवंडी, सुतार कसेबसे मिळतात, पण तुझ्यासारखा प्लंबर इथे नाही. चाकरमान्याला आता गावच्या घरातही गीझर हवा, कमोड हवा, आणि पाईप भिंतीत पुरलेला हवा. माझ्या दोन कामांत बाथरूमची भिंत फोडून पुन्हा करावी लागली. माझ्या ओळखीवर तुला वर्षाला चार-पाच घरं मिळतील. मुंबईएवढे पैसे मिळणार नाहीत. पोरांच्या शाळेचं वहिनींना आधी विचार, माझ्यासारखं ठरवून मग सांगू नकोस. डोंबिवलीची खोली विकू नकोस, भाड्यानं दे. आणि सहा महिने बिल नाही मिळालं तरी चूल पेटेल एवढं बाजूला ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस.

निदान मे महिन्यात आठ दिवस तरी ये. पत्र्याच्या दोन कामांवर उतरवलेली कौलं मालकांनी मलाच दिली, ती भिंतीशी रचून ठेवली आहेत. पडवीला चारशे लागतात, साडेतीनशे झाली. उरलेल्या पन्नासांची तजवीज मी करतो. वासे तयार आहेत, रीप मारायला आणि कौलं वर द्यायला माणूस हवा, आणि मिरगाच्या आत हवा. आण्णा खाली उभे राहून टीप बघतील, तेव्हा एकदाच नीट लावू.

येताना मुंबईच्या नागदेवी बाजारातून एक पितळी ओळंबा आण, जड बघून. माझा पाखाडीच्या कामावर गेला. पैसे इथे आल्यावर देतो, शनिवारी.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मावशींचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
पक्या