पॅनेल किती उंचीवर आहे, ते आधी विचारा

मा. संपादक, स. न.

‘पाणीयोजना आपत्तीला तोंड देण्यास सक्षम’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली. अभिनंदन! टाक्या पाहिल्या, भिंती पाहिल्या, काँक्रीट ठोकून पाहिले. पंप चालवणाऱ्या विजेचा मात्र बातमीत उल्लेखही नाही.

मी नोकरीत असताना आमच्या पंपहाऊसचीही अशीच पाहणी झाली होती. साहेब आले, फोटो काढले, चहा झाला, ‘इमारत सुस्थितीत’ असा शेरा पडला. पंप चालू-बंद करणारे विजेचे पॅनेल जमिनीपासून जेमतेम गुडघाभर वर. ते उंचावर घ्या, असे मी लेखी दिले होते. ‘तरतूद नाही’ असे उत्तर आले. त्याच वर्षी आवाराच्या कमानीला मात्र तरतूद सापडली. पुढे पूर आला. इमारतीला तडासुद्धा गेला नाही, म्हणजे शेरा खराच ठरला! पॅनेल बुडाले, पंपांच्या मोटारींत गाळ गेला, नळ बंद. मोटारी काढून दुरुस्तीला न्याव्यात, तर रस्ताच पाण्याखाली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या आम्ही. कमानीवर ज्यांचे नाव होते त्यांनी नव्हे.

हे लहान योजनांचेच दुखणे आहे असेही नाही. अमेरिकेतल्या डी मॉइन शहरात जुलै १९९३ मध्ये पुराचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात शिरले आणि सुमारे २,५०,००० लोकांचे नळ दहा दिवसांहून अधिक काळ बंद राहिले. जपानमध्ये कोबेला १९९५ च्या भूकंपात जमिनीखालच्या पाण्याच्या वाहिन्या सांध्यांवर निखळल्या. आगी विझवायला पाणी मिळेना. पुरात पॅनेल आणि मोटारी जातात, भूकंपात सांधे, दुष्काळात पाणी जॅकवेलच्या, म्हणजे नदी-धरणातले पाणी उपसायच्या विहिरीच्या, तोंडाखाली उतरते. या सगळ्याला मिळून एकच ‘सक्षम’चा शिक्का म्हणजे डोळे तपासून पायाचा दाखला देणे.

पाहणीला जाताना व्हॉल्व्हमनला तरी सोबत न्या. कुठला व्हॉल्व्ह गंजून फिरत नाही, नकाशात नसलेली लाइन कुठून गेली आहे, जनरेटरचे डिझेल किती तास पुरते, हे त्याला तोंडपाठ असते. अहवालात त्याचे नाव आले नाही तरी चालेल. त्याला सवय आहे.

जाता जाता, बातमीसोबतचे छायाचित्र ‘जलकुंभा’चे नसून गाळ खाली बसवायच्या निवळण टाकीचे आहे. मागच्या पावसाळ्यातही तुम्ही हेच छायाचित्र याच ओळीसह छापले होते. तेव्हाही कळवले होते.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी