बसलेलं पाखरू दाखवणाऱ्या काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोन करून सांगितलं असतं, तर 'राहू दे ना बाप्पा' म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. उमरेडकडच्या तुमच्या तलावावर या हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या गणनेसाठी येऊन जे शिकलो, ते नागपुरातल्या आणखी चार पक्षीवेड्यांच्या कामी येईल. नात वाचून दाखवेलच तुम्हाला.

'पक्षी बघायचे तर पहाटे जा' हे आम्हा शहरवाल्यांना तोंडपाठ असतं. अंबाझरी, गोरेवाडा, कुठेही जा, कानटोप्या घातलेली मंडळी अंधारातच हजर. पहाटच का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलात: "बंदुकीवाल्याले उडतं पाखरू पायजे, तुम्हाले मोजाले बसलेलं पायजे. मंग त्याच्या टायमाले काहून येता?"

तुमचे वडील मालगुजारांच्या, म्हणजे तेव्हाच्या जमीनदारांच्या, शिकारी पाहुण्यांना डोंग्यातून (छोट्या होडीतून) न्यायचे आणि पडलेली बदकं पाण्यातून काढून आणायचे. तेव्हा शिकारीचे परवाने मिळत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. शिकार संपली ते उत्तमच झालं, पण त्या लोकांना पाखराचं वेळापत्रक आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. ते तुमच्या घरात टिकलं आणि तुम्ही मला हातचं काही न राखता दिलंत.

हिवाळ्यात तलवार बदक, अडई, हळदी-कुंकू या बदकांचा दिवस बराचसा आरामाचा आणि रात्र चरण्याची. सूर्य बुडाला की थवे धानाच्या बांध्यांकडे, उथळ पाणथळीकडे निघतात आणि फटफटायच्या सुमारास मोठ्या पाण्यावर परततात. शिकारी दबा धरायचा तो या दोन फेऱ्यांसाठी, कारण पाखरू तेव्हा डोक्यावरून जातं. मोजणाऱ्याची मात्र तेव्हाच पंचाईत: अंधूक उजेडात एक थवा उतरतो, दुसरा उठतो, आणि तेच पक्षी दोनदा मोजले जातात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातला थोडा कमी असताना उगवतो. त्यानंतर तास-दीड तासाने थवे स्थिरावतात. तिथून ऊन तापून दुर्बिणीत पाणी थरथरायला लागेपर्यंतची वेळ आपली. दुपारी बदकं चोच पिसांत खुपसून तलावाच्या मधोमध झोपतात. संख्या तेव्हाही लागते, जात ओळखताना डोळ्यांना पाणी येतं. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं दिवसाही खाताना दिसतात, त्यांचा हिशोब निराळा. एक पाण्याखाली गेलं की वर कुठे निघेल, ते बघत बसायचं.

संध्याकाळी थांबायचं ते मोजायला नाही, नुसतं बघायला आणि ऐकायला. अडईची शीळ अंधारातही ओळखू येते, हे तुम्ही ऐकवलंत तेव्हा पटलं.

जागेची गोष्ट तर मी कुठेच वाचली नव्हती. बदक उठताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतं, म्हणून शिकारी वारा पाठीवर घेऊन बसायचा आणि उतरणारं पाखरू समोरून त्याच्याकडे यायचं. आपल्याकडे थंडीत सकाळचा वारा बरेचदा उत्तर-पूर्वेकडून असतो आणि सूर्यही पूर्वेलाच. तेव्हा पूर्वेच्या काठावर बसलं की दोन्ही पाठीशी. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, समोरच्या उन्हात बघितलं तर हळदी-कुंकूच्या चोचीवरचा पिवळा रंगसुद्धा काळा दिसतो! पाळीवर सावली आहे, बसायला दगड आहे, मोटारसायकल तिथपर्यंत जाते, म्हणून सगळे तिथेच बसतात. तुम्ही मला शिंगाड्याच्या वाफ्यांमागून चिखलातून पलीकडे नेलंत. बुटांचं काय झालं ते सोडा.

पौर्णिमेच्या आसपासचं तुमचं म्हणणंही वहीत टिपून ठेवलंय. चांदण्यात पाखरू रातभर चरतं, मग परतायला उशीर करतं, आणि आभाळ भरलेलं असलं की दिवसाही त्याची चुळबूळ चालते. म्हणजे एकच वेळ भिंतीवर लिहून ठेवता येत नाही, आधी आभाळ बघावं लागतं.

ही सगळी माहिती झाली. आभार खरे वेगळ्या गोष्टीचे आहेत. गणनेच्या दिवशी तुम्ही आणि तुमच्या वस्तीतल्या बाकी ढिवर (मासेमार) मंडळींनी, मी काही न बोलता, डोंगे पाण्यात घातले नाहीत. जाळी रात्रीपासून लागलेली होती. उशिरा काढलेली मासळी बाजारात उशिरा पोचते आणि भाव पडतो, हे मला त्या दिवशी दुपारी तुमच्या मुलाकडून कळलं, तुमच्याकडून नाही. पैशांचं विचारलं तर तुम्ही चहा पुढे केलात. आम्ही लोक दुर्बिणींवर हजारो रुपये घालतो आणि पाणथळी वाचवण्यावर भाषणं ठोकतो. तलाव राखणाऱ्याची सकाळ बुडते, ती मात्र आमच्या कोणत्याच हिशोबात धरलेली नसते. पुढच्या खेपेला धरली जाईल. आमच्या गटात तसं बोलणं झालंय, आणि यावर वाद घालायचा नाही.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिच्या तक्त्यात आपल्या तलावाचे आकडे आता भरून झालेत. निरीक्षकांच्या रकान्यात माझ्या नावाच्या आधी तुमचं नाव लिहिलंय. स्पेलिंग बरोबर आहे का, तेवढं नातीला बघायला सांगा. रविवारी तक्ता घेऊन येतो, दहानंतर, म्हणजे तुमची जाळी निघालेली असतील.

तुमचा,
चिखलात बूट सोडून आलेला